मुठीचा भात

आमच्या मंडळीत माझ्याबद्दल दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक आहेत. एक, मी फाटक्या तोंडाची आहे. दोन, माझ्या हातचा भात कधी बिघडत नाही. त्यामुळे गेल्या नाताळाच्या आदल्या रविवारी प्रीतिभोजनातला भात निम्मा गिच्च आणि निम्मा दाताखाली कचकच लागला, तेव्हा लोकांनी ओळखायला हवं होतं की बाईनं हे समजून-उमजून केलंय. आमच्यातल्या कोणी ओळखलं नाही. बाई आता म्हातारी झाली, एवढंच म्हणाले.

वाशीमला आमचं देऊळ लहानसं आहे. आम्ही जुनी माणसं चर्चला अजून देऊळच म्हणतो, आणि तिथं जमणाऱ्या सगळ्यांना मंडळी. मागच्या अंगणात स्वयंपाकाची पत्र्याची शेड, तिला लागून सामानाची कोठी, आणि पलीकडे एक खोली. कोठीत एक पत्र्याचं पिंप आहे. ते पिंप आमच्या मंडळीइतकंच जुनं असावं. कोठीची किल्ली कित्येक वर्षं माझ्या कमरेला आहे, कारण प्रीतिभोजनाचा, म्हणजे उपासनेनंतरच्या साऱ्या मंडळीच्या जेवणाचा, स्वयंपाक माझ्याकडे असतो.

पिंपाची पद्धत अशी. घरी भात लावताना तांदूळ मापून घ्यायचे आणि त्या मापातूनच एक मूठ काढून वेगळ्या डब्यात टाकायची. साठवणीच्या तांदळातून नाही, मापातून. म्हणजे तेवढा भात घरच्यांच्या ताटात कमी पडतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो डबा देवळात आणायचा आणि पिंपात ओतायचा. आमच्या भागात खाणं भाकरीचं आणि पोळीचं, मग मूठ तांदळाचीच का, असं मी लहानपणी आईला विचारलं होतं. ती म्हणाली, ज्वारी शेतातून येते, तांदूळ विकत आणावे लागतात. जे देताना थोडं टोचतं ते द्यावं.

पिंपात सगळ्या घरांचे तांदूळ एक होतात. बारीक, जाड, जुने, नवे, रेशनचे. म्हणून मुठीचा भात कधी एकसारखा शिजत नाही. बारीक दाणा मऊ होऊन फुटतो तेव्हा जाड दाणा अजून डोळे वटारून बघत असतो. कोणीही शिजवा, तो भात ताटात ओळखू येतो.

मला तो पहिल्यांदा ओळखू आला तेव्हा मी शाळेत होते. आम्ही मालेगावजवळच्या खेड्यात राहायचो. बाप बैलगाडीवरून पडला, पाय मोडला, आणि घर बसलं. एका दुपारी मंडळीतल्या एक मावशी आल्या. हातात टोपली, वर धुतलेलं फडकं. टोपली चुलीपाशी ठेवली, चहा घेतला, वांग्याला कीड कशी लागली याच्यावर तासभर बोलल्या आणि निघून गेल्या. टोपली राहिली. मी उचलून त्यांच्या मागे पळणार, तर आईनं माझा परकर धरला. म्हणाली, "राहू दे वं, विसरल्या त्या." टोपली विसरून यायची, ही आमच्याकडे द्यायची रीत होती. रिकामी टोपली पुढच्या रविवारी आपोआप देवळाच्या कोठीत जाऊन बसायची आणि कोणी कोणाला काही विचारायचं नाही.

त्या दिवशी ताटात जाडा आणि बारीक दाणा शेजारी शेजारी पाहून मी विचारलं, "हा भात असा काहून?"

आई म्हणाली, "याच्यात साऱ्या मंडळीची मूठ हाय. गुमान खाय."

मी खाल्ला. पोट भरलं आणि मान खाली गेली नाही. देणं कशाला म्हणतात हे मला त्या ताटानं शिकवलं. त्यानंतर ऐकलेल्या कित्येक उपदेशांनी त्यात फार भर घातली नाही.

आता आमच्या अध्यक्षीणबाईंबद्दल. मंडळीच्या भगिनी मंडळाच्या त्या अध्यक्ष आहेत आणि शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यात, म्हणून सगळे त्यांना मॅडम म्हणतात. बाई वाईट नाही. आमच्या घरच्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, छातीत कळ आली आणि अकोल्याला न्यावं लागलं, तेव्हा ही बाई दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी बसून होती. घरून डबा आणायची, तेल लावून माझं डोकं विंचरून द्यायची, आणि हे तिनं आजवर चारचौघांत एकदाही काढलं नाही. मी ते विसरलेले नाही. तेव्हा तिच्याकडे साधा मोबाईल होता, असं मी राग आला की म्हणते.

कारण कॅमेऱ्याचा मोबाईल आला आणि बाईची सेवा वाढली. रोग्याच्या उशाशी प्रार्थना, फोटो. विधवेला साडी, फोटो. दोन जिल्ह्यांतल्या मंडळ्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यावर संध्याकाळपर्यंत सगळं पोचलेलं. उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये हे लहानपणापासून पाठ असलेले आम्ही लोक, दोन्ही हात नीट दिसतील असे उभे राहायला लागलो. आणि मी किल्लीवाली असल्यानं मला आणखी एक गोष्ट दिसायची. पिंपात हात घातला की बहुतेक जाडा, रेशनचा, जुना-नवा तांदूळ लागायचा. बारीक दाणा शोधावा लागायचा. ज्या घरांत बारीक तांदूळ शिजतो, त्या घरांची मूठ कधीच बंद झाली होती. पिंप भरत होतं ते रेशनवाल्यांच्या जिवावर, आणि फोटोत दिसत होते दुसरेच.

गेल्या नाताळाच्या आधी, उपासना संपल्यावर मॅडम उभ्या राहिल्या आणि दोन गोष्टी जाहीर केल्या. पहिली, पुढच्या रविवारच्या प्रीतिभोजनासाठी त्यांनी सासऱ्यांच्या आठवणीत उत्तम बारीक तांदळाचं पोतं दिलं आहे. टाळ्या झाल्या. दुसरी, त्याच दिवशी प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते मुठीचं धान्य एका गरजू भगिनीला स्टेजवर देण्यात येईल, छापील पिशव्यांमधून. आणि त्यांनी त्या बाईकडे हात केला. साऱ्या देवळानं मान वळवली.

ती बाई म्हणजे देवळामागच्या खोलीत राहणारी. तिचा नवरा देवळाची राखण करायचा, झाडलोट करायचा, घंटा वाजवायचा. तो गेल्यावर कमिटीनं तिला खोलीत राहू दिलं, आणि कमिटीत मॅडमचा शब्द चालतो. ती शिवणकाम करते. मुलगी नर्सिंगला आहे, हुशार आहे, माझ्यासारखी उलट बोलणारी आहे म्हणून मला जरा जास्तच आवडते. घरात ओढाताण होती हे खरं. मी अधूनमधून टोपली विसरत होतेच.

त्या दुपारी ती शेडमध्ये माझ्याकडे आली. मी भांडी मोजून लावत होते. ती उभीच राहिली.

"ताई, त्याच रविवारी अकोल्याचे पाहुणे येऊन राह्यले. पोरीले पाहाले."

मी हातातला झारा खाली ठेवला. स्थळ चांगलं होतं हे मला माहीत होतं. मुलगा मुलीला आवडला होता, मुलगी मुलाला. उरली होती ती मुलाची आई, आणि ती करडी आहे असं सगळे सांगत होते. हिनं मुद्दाम तो रविवार निवडला होता. उपासना होईल, प्रीतिभोजनात पंगत होईल, मग खोलीवर नुसता चहा. पाहुणचार मानानं पार पडेल.

"आन् त्याईच्यासमोर मले पिशवी घ्याले उभी करतीन," ती म्हणाली. "माह्या पोरीची माय म्हणून त्या बाईले मी पहिल्यांदा दिसीन, ते स्टेजवर, हात पसरून."

"मॅडमले बोलली का तू?"

"बोलली. त्या म्हणे, याच्यात लाजाचं काय हाय? देव नम्र माणसाले वर उचलते."

"आन् तू काय म्हटलं?"

"काय म्हणू? खोली त्याईची हाय."

मला असा राग आला की कानशिलं तापली. देव नम्र माणसाला वर उचलतो, मान्य आहे. पण त्यासाठी आधी त्याला धरून वाकवा असं कुठं सांगितलंय? मी तशीच आमच्या धर्मगुरूंकडे, पाळकसाहेबांकडे गेले. तरुण आहेत, मनाचे चांगले आहेत, पण त्यांची बदली आणि त्यांचं घर दोन्ही कमिटीच्या हातात. त्यांनी ऐकून घेतलं, कपाळ चोळलं आणि म्हणाले, "आपण याच्यावर प्रार्थना करू या."

मी म्हटलं, "तुमी प्रार्थना करा साहेब. भाताचं मी पाहून घेईन."

शनिवारी संध्याकाळी तरुण संघाची पोरं पिंपातले तांदूळ पिशव्यांत भरणार होती. म्हणून शनिवारी भर दुपारी मी आमच्या घरच्यांना घेऊन कोठी उघडली. एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून आयुष्य गेलं या माणसाचं. इंजिनात काय बिघडलं ते आवाजावरून ओळखतात, पण बायकोच्या मनातलं शेवटपर्यंत कळत नाही. मी पिंप आडवं केलं आणि सगळे तांदूळ मोठ्या गंजात, पंगतीच्या पातेल्यात, काढले. मग मॅडमच्या पोत्याकडे बोट केलं.

"हे तिच्या खोलीवर नेऊन ठेवा."

"हे पाप तर नाही ना वं?" ते म्हणाले.

"पोतं उचला."

उचललं. ती मशीनवर बसली होती. मी म्हटलं, "कोठीत उंदरं झाले. हे पोतं जरा तुह्याकडं राहू दे." आणि ते पोतं मी तिथं विसरले. रीत म्हणजे रीत.

मग उन्हात चटई टाकून मी मुठीचे तांदूळ निवडायला बसले. रेशनच्या तांदळात खडे असतात, काळा दाणा असतो, कधी सुतळीचा तुकडा. निवडताना मन शांत झालं. संध्याकाळी पोरं आली, पिंपात डोकावली, रिकाम्या पिशव्या हातात घेऊन उभी राहिली. मी सांगितलं, उद्या पाहू. त्यांनाही क्रिकेट खेळायचं होतं.

रविवारी उपासना सुरू झाली तेव्हा मी शेडमध्येच होते. एका चुलीवर कोंबडीचा रस्सा, दुसरीवर भाताचं आधण. दुसरं गीत चालू असताना मॅडम पदर सावरत मागे आल्या.

"पिशव्या काहून नाही भरल्या?"

"तांदूळ नाहीत."

"पिंपातले कुठी गेले?"

मी झाऱ्यानं गंजाकडे दाखवलं. भात रटरट शिजत होता.

त्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "आन् माह्यं पोतं?"

"सुरक्षित हाय," मी म्हटलं. "मॅडम, आत पाहुणे बसले. आता भांडाले वेळ नाही. भांडण उद्या, तुमच्या घरी, मी स्वतः येईन."

प्रमुख पाहुण्यांनी स्टेजवरून प्रीतीवर भाषण केलं. द्यायला काही नव्हतं, म्हणून ते जरा लांबलं. छापील पिशव्या कपाटात राहिल्या. ती बाई अकोल्याच्या पाहुण्यांशेजारी, आपल्या जागी, इस्त्रीच्या साडीत शेवटपर्यंत बसून राहिली. मी खिडकीतून पाहिलं आणि मला फार बरं वाटलं.

पण पंगत बसली आणि मला भाताची काळजी लागली. भाताला मी जमेल ते सगळं केलं होतं. आधी भिजवला, आच कमी-जास्त केली, वर निखारे ठेवले. मुठीचा भात मुठीसारखाच झाला. मला त्या पिशव्या थांबवायच्या होत्या, त्यापुढचा विचार मी केला नव्हता. अकोल्याच्या बाईनं, मुलाच्या आईनं, या भाताला नावं ठेवली तर? ज्या मंडळीत पाहुण्याला असा भात वाढतात तिथली सोयरीक नको, असं म्हणाली तर? ती पंगतीत मधोमध बसली होती, जाड चष्मा, घट्ट अंबाडा. तिनं घास घेतला. थांबली. दोन बोटांनी ताटातले दाणे वेगळे केले आणि वाकून पाहू लागली.

मुलीची आई वाढत होती. वाटी घेऊन ती तिथंच थांबली.

मॅडम पाहुण्यांच्या रांगेतच होत्या. त्या घाईनं म्हणाल्या, "माफ करा हं, आज भाताचं जरा बिघडलं. आमच्या स्वयंपाकाच्या बाईचं वय झालं आता."

"बिघडला नाही," अकोल्याची बाई म्हणाली. आवाज असा की पंगतीच्या दोन्ही टोकांना ऐकू गेला. "मुठीचा हाय ना हा?"



"माहा बाप लवकर गेला," ती म्हणाली. "आमी भावंडं याच भातावर वाढलो. किती वर्षांनी दिसला ताटात! आमच्या इकडं बंद पडली मूठ. आता दारात स्कॅनर लावला हाय, पैसे टाका आन् चाला." मग तिनं चष्मा वर सारला आणि सगळ्या पंगतीवरून नजर फिरवली. "इथं कोणाकोणाची मूठ असते?"

साधा प्रश्न होता. मानाच्या त्या पहिल्या पंगतीत डॉक्टर होते, बँकेतले साहेब होते, पेन्शनवाले होते. सगळ्यांना एकाएकी रस्सा फार आवडायला लागला. मी शेडच्या खांबाला टेकून उभी होते आणि माझं फाटकं तोंड मी आयुष्यात पहिल्यांदाच शिवून ठेवलं.

"माही असते," मुलीची आई म्हणाली. हळूच, वाटीकडे पाहत.

अकोल्याच्या बाईनं तिच्याकडे नीट पाहिलं. मग ताट पुढे केलं. "मंग वाढा अजून थोडा."

जेवणानंतर ते लोक खोलीवर चहाला गेले. बाहेर आले तेव्हा मुलीच्या ओटीत नारळ होता आणि तिची आई दाराला धरून रडत होती. मी तिला रागावले, आता कायले रडतं म्हणून, आणि मग मीही रडले. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी शब्द दिल्याप्रमाणे मी मॅडमकडे गेले आणि पोत्याचं सांगून टाकलं. त्यांनी चहा विचारला नाही.

"याले चोरी म्हणतात," त्या म्हणाल्या.

"तुमी पोतं मंडळीले दिलं, ते मंडळीतच हाय. गरजू भगिनीले धान्य द्याचं होतं, ते पोचलं. नुसता फोटो राह्यला."

"तुले मी ढोंगी वाटते?"

हा प्रश्न त्यांनी वेगळ्याच आवाजात विचारला. खरं सांगायचं तर मला दवाखान्याचं बाक आठवलं. मी म्हटलं, "अकोल्याले माह्या केसाले तेल लावणारी बाई मले माहीत हाय, मॅडम. ती ढोंगी नव्हती. ती कुठी गेली तेवढं सांगा."

मी उठून आले. नाताळाला त्यांच्याकडून दरवर्षी करंज्या येतात, त्या वेळी आल्या नाहीत. मी मात्र माझ्या पाठवल्या.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी मी कोठी उघडली. पिंप रिकामं, पुसून कोरडं. बायका डबे घेऊन रांगेत उभ्या. मॅडमही आल्या होत्या, हातात डबा नव्हता, मोबाईल होता. नव्या वर्षाची पहिली मूठ, ग्रुपवर टाकायला. मला वाटलं, पालथ्या घड्यावर पाणी.

रांगेत पहिली होती खोलीवाली. तिनं झाकण काढलं आणि डबा पिंपात ओतला. रिकाम्या पत्र्यावर तांदूळ पडले की मोठा आवाज होतो. सगळ्यांनी आत पाहिलं. पांढरेशुभ्र, बारीक, लांब दाणे. कोठीत वास सुटला.

मॅडमचा मोबाईलवाला हात हवेतच राहिला. आपले तांदूळ त्यांनी ओळखले होते.

"तुमच्याच पोत्यातली मूठ हाय, मॅडम," ती बाई म्हणाली. लाजली नाही, वाकली नाही, शेजारणीशी बोलावं तसं बोलली. "भात लावला का रोज मापातून काढत गेली. आपलं खाऊन झालं म्हणून मागून येणाऱ्याची मूठ कशी बुडवाची?"

मॅडमनी मोबाईल पर्समध्ये टाकला. त्या वळल्या आणि फाटकाबाहेर गेल्या. त्यांचं घर जवळच आहे. घंटा झाली, आम्ही सगळे आत जाऊन बसलो, उपासना सुरू झाली. त्यांची पुढच्या बाकावरची जागा रिकामी होती. किल्ली माझ्या कमरेला होती, पण कोठीला कुलूप लावायचं मी त्या दिवशी विसरले होते.

पाळकसाहेब प्रार्थना करत होते, सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, तेव्हा मागून पिंपाचं झाकण वाजलं. मग तांदूळ ओतल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला.

एरवी जरा खुट्ट झालं की वळून पाहणारी मी, पण त्या दिवशी वळले नाही. डोळेही उघडले नाहीत. आमेन झाल्यावर पाहिलं तर मॅडम शेवटच्या बाकावर येऊन बसल्या होत्या आणि त्यांच्या पदराला तांदळाचा भुगा लागला होता.

दुपारी कुलूप लावताना मी पिंपात हात घातला. किती होते ते मला ठाऊक आहे, आणि ते मी कोणाला सांगणार नाही.